खडकाई, अकरा नारळ आणि माईची परात

सप्ताह बसला की सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचा पहारा. वीणा गळ्यात आहे तोवर बसायचं नाही, तोंडात ‘राम कृष्ण हरी’शिवाय दुसरा शब्द आणायचा नाही, आणि काही झालं तरी नाव तुटू द्यायचं नाही. आमच्या निंबटाकळीत देवळाच्या खांबाला फळा टांगून त्यावर पहारेकऱ्यांची नावं खडूनं लिहितात. यंदा माझं नाव दोनदा होतं. पहाटे चार ते सहा, आणि दुपारी चार ते सहा. माझ्या दुपारच्या पहाऱ्याआधी, दोन ते चार, ग्यानबातात्या.

या दोन पहाऱ्यांच्या मधे दहा तास मोकळे होते. त्या दहा तासांत मी खडकाई चढून यायचं ठरवलं.

मी सोमेश्वर. गावातली पिठाची गिरणी माझी. वय बावन्न. कीर्तनाचा नाद लहानपणापासूनचा. पंचक्रोशीत कुठं टाळ वाजला की गिरणीचा पट्टा उतरवून मी निघालोच. सायकलचा आणि डोंगरांचा नाद मात्र तीन वर्षांचा, आणि तो लावला धम्मानंदनं. धम्मानंद आमच्या उपकेंद्रात आरोग्यसेवक. एक दिवस रक्त तपासून म्हणाला, “साखर वाढली भाऊ. गोळी घेता का सायकल घेता?” मी म्हणालो, “सायकल.” त्यानं ‘बराबर’ म्हणून मान हलवली आणि गोळीही दिली.

तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरलेला. उजाडता सायकलवर निघायचं, डोंगराच्या पायथ्याला जे शेवटचं घर असेल तिथं सायकली लावायच्या, पायी माथा गाठायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी. मोटार नाही, मुक्काम नाही. मोटारीनं गेलं की डोंगर एकदम समोर उभा राहतो. सायकलवरून तो तासातासानं मोठा होत जातो. कीर्तनात बुवा आधी अभंग नुसता म्हणून दाखवतात आणि मग एकेक चरण उलगडत जातात ना, अगदी तसा.

खडकाई मात्र आजवर राहिली होती. कळमनुरीच्याही पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला, सागाच्या रानात. वर जायला रस्ता नाही, धड पायवाट नाही. गावातलं एकच माणूस तिच्या माथ्यावर जाऊन आलेलं, आणि ते म्हणजे ग्यानबातात्या.

तात्या बारा वर्षांचे असताना दुष्काळात गावची गुरं घेऊन मोठ्या माणसांबरोबर त्या रानात तीन महिने राहिले होते. तात्या सांगायचे, “दुपारी बाराला मी खडकाईवर चढायचो. इकडं माझी माई देवळाच्या गच्चीवर पितळी परात घेऊन उभी राहायची. चिंच अन् राख लावून घासलेली. उन्हात हलवायची. मला वरून दिसायची. दिसली की कळायचं, घरी समदे बरे हायेत.”

गाव हसायचं. “तात्या, परात दिसायची, मग परातीतली भाकर बी दिसत असंल!” साठ वर्षं लोकांनी ही थट्टा चालवली आणि साठ वर्षं तात्यांनी ती हसून झेलली. पण यंदा सप्ताह बसायच्या आदल्या संध्याकाळी ते गिरणीत आले, काठी पोत्याला टेकवली आणि हळूच म्हणाले, “सोमा, लोकाईचं काही न्हाई रे. आता मलाच भरवसा वाटून न्हाई राहिला. म्हातारं डोकं. खरंच दिसली होती का, का मायची याद येत होती म्हणून मी मनानंच केली?”

मी जातं बंद केलं.

“मी बघून येतो,” मी म्हणालो.

परात अजून होती. माई गेल्या तेव्हा तात्यांनी ती देवळाला वाहिली. वर्षभर कोठीत कुलपात असते आणि सप्ताहाच्या स्वयंपाकालाच बाहेर निघते. म्हणजे बघायचं तर याच आठवड्यात. पार्वतीकाकू, तात्यांच्या कारभारणी, लगेच कबूल झाल्या. “बाराच्या ठोक्याला गच्चीवर उभी राहते. सासूबाई कशा हलवायच्या ते मला ठाऊक हाय.”

तात्यांनी दोन अटी घातल्या. “फोनवर सांगू नको. म्होरं येऊन तोंडानं सांग. अन् तू येईस्तोवर वीणा मी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालणार न्हाई.”

“तात्या, तुमचे गुडघे...”

“गुडघे माझे, वीणा देवाची. तू चारला ये म्हणजे झालं.”

* * *

सहाला पहारा उतरवून मी बाहेर आलो तर धम्मानंद सायकलीपाशी डोक्याला हात लावून उभा. या माणसानं वजन वाचवायचं म्हणून सायकलचं स्टँड काढून टाकलेलं, दोन बाटल्यांऐवजी दीड बाटली पाणी धरलेलं. आणि त्याच्या समोर ओट्यावर नारळ मांडलेले. अकरा.

खडकाईच्या माथ्यावर एक शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा दगडी देव, आहे, हे तात्यांच्याच गोष्टीतून गावाला माहीत. मी जाणार म्हटल्यावर रातोरात बायांनी नारळ आणून ठेवले होते. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या लेकाची भरती, कुणाची म्हैस.

“भाऊ, हे समदं वर न्यायचं?” धम्मानंद म्हणाला.

“देवाच्या नारळाला नाही कसं म्हणायचं, धम्मा?”

“तुमचा देव. पण सहा किलो माझ्या बी कॅरियरवर येऊन राहिलेत.”

“तीन किलो. अर्धे माझ्याकडे.”

इथंच आमचं चुकलं. तात्यांनी खडकाईचा रिवाज आम्हाला आधीच सांगितला होता: तिथं फोडलेल्या नारळाची एक वाटी देवापुढं ठेवायची आणि दुसरी वरच संपवायची. तुकडासुद्धा खाली आणायचा नाही. रिवाज पाठ होता, नारळ मोजले होते. पण अकरा वाट्या खायच्या कोणी आणि किती वेळात, हा हिशोब दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. गिरणीवाला मी, आरोग्यवाला तो. दोघंही वजनातच अडकलो.

निघालो. माघाची थंडी. वारंगा फाट्यावर हॉटेलवाल्यांच्या भट्ट्या नुकत्या पेटत होत्या, एकानं ओरडून विचारलं, “मामा, नारळाचं दुकान टाकून राहिले का?” हात करून पुढं झालो. हमरस्त्याला लागलो आणि पाय सुटले. मी एकदा ‘राम कृष्ण हरी’चा ठेका धरला की पायडल त्यावर आपोआप पडतं. राम म्हणताना उजवा पाय, कृष्ण म्हणताना डावा, हरी म्हणताना श्वास.

“मोठ्यानं म्हणा भाऊ,” मागून धम्मानंद ओरडला. “मी नाव घेत न्हाई, पण ठेका भारी हाय. मला बी लागू द्या.”

मग मी काय, गळा मोकळाच सोडला! हरभऱ्याच्या वावरात पाणी देणारी माणसं वाकून बघत होती. कळमनुरी सकाळच्या शाळेची पोरं निघायच्या वेळेला ओलांडली. तिथून आडरस्ता, मग खडी, मग निव्वळ धूळ. आणि त्या धुळीच्या टोकाला एक निळा उंचवटा. ती खडकाई. पहिल्यांदा मुठीएवढी. पुढच्या वळणावर सुपाएवढी. मग समोरचं निम्मं आभाळच तिनं घेतलं. मला हसूच यायला लागलं. लहान लेकराला जत्रेत पाळणा दिसावा तसं झालं.

सव्वानऊला शेवटच्या घरी पोचलो. अंगणात रूपाबाई म्हणून एक बाई शेळ्या सोडत होत्या. सायकली गोठ्यात लावू द्या म्हणालो.

“कोणाकडं आलात?”

“कोणाकडं न्हाई. डोंगर चढायला.”

“एवढ्या लांबून? सायकलवर? घरी काम न्हाई का बायकांनी ठेवलं?”

“हाय की,” धम्मानंद म्हणाला, “म्हणून तर आलो.”

त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि काठीनं वाट दाखवली. “ओढ्यानं वर जा. काळा खडक आला की डावीकडून. उजवीकडं आग्या मोहोळ हाय.”

ओढा कोरडा होता. गोटे पायाखाली सरकत होते, सागाची वाळकी पानं अशी वाजत होती की दोन माणसांऐवजी दिंडीच चालली आहे असं वाटावं. मधेच एक पळस, पानं नावाला नाहीत आणि फुलांनी नुसता पेटलेला. नारळाची पिशवी पाठीवर ठक ठक करी. साडेदहाला काळा खडक आला. डावीकडून गेलो, शेवटचे पन्नास हात तर हातापायांवर. धम्मानंद आधी चढला, वर पालथा पडून हात खाली सोडला. “द्या, आधी म्हशीचा नारळ द्या. मग तुमी.”

पावणेबाराला माथ्यावर उभे राहिलो.

काय सांगू! एका अंगाला धरणाचं पाणी, पितळेसारखं. चहूकडं टेकड्यांच्या पाठी, एकामागं एक. वारा असा की बनियन फुगली. मी दोन्ही हात वर करून जोरात गजर केला आणि तो खालच्या दरीतून मला परत आला. शेंदराचा तांदळा होता, अगदी तात्या सांगत तिथंच, बोरीच्या झुडपाखाली.

मग आम्ही गावाच्या दिशेला तोंड केलं. आणि काहीच नव्हतं.

धुरकट. पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढं सगळं दुधात कालवल्यासारखं. बारा वाजले. डोळे फाडून बघत होतो. बारा पाच. बारा दहा. वर येऊन नाव, चढ, पळस, सगळं मिळालं होतं. पण तात्यांना काय सांगायचं? नाही दिसलं म्हणून सांगितलं की ते मान हलवून ‘बरं’ म्हणतील, आणि त्या ‘बरं’नं त्यांची माय साठ वर्षांनी गच्चीवरून खाली उतरेल.

“चला भाऊ,” धम्मानंद घड्याळ बघत म्हणाला. “सव्वाबाराला निघालो तरच चारला पोचतो.”

“नारळ.”

“आईच्यान. नारळ.”

भराभर अकरा नारळ फोडले. एकेका घरचं नाव घेऊन एकेक वाटी तांदळ्यापुढं ठेवली. राहिल्या अकरा वाट्या. खायला बसलो. पहिली वाटी गोड लागली. दुसरीच्या अर्ध्यात जबडा दुखायला लागला.

“मी नवस बोललो न्हाई,” धम्मानंद भरल्या तोंडानं म्हणाला, “भरती माझी न्हाई, म्हैस माझी न्हाई. तरी खोबरं मीच खाऊन राहिलो. कोणता न्याय हा?”

“चाव, बोलू नको.”

“भाऊ, बाकीचं ठेवू इथंच झाडाखाली.”

“ठेवलं म्हणजे टाकलं. संपवायचं म्हटलंय.”

“मग कोणी संपवायचं ते सांगितलं हाय का?” असं म्हणून त्यानं बोट दाखवलं. खडकाच्या कडेवर काळ्या तोंडाची वानरं येऊन बसली होती. सात-आठ. “हे डोंगरावरचेच हायेत ना? यांनी खाल्लं म्हणजे वरच संपलं.”

कोणत्याही बुवांना मान्य होईल असा दाखला होता. पण वानरं काही लगेच जवळ येईनात. आम्ही वाट्या फोडून तुकडे ठेवायचे, दहा पावलं मागं सरायचं, ती यायची, एकमेकांवर दात काढायची, घ्यायची, लांब जायची. साडेबारा झाले. माझा जीव टांगलेला. डोळ्यांपुढं तात्यांचे गुडघे.

आणि वारा फिरला. धरणाच्या अंगाचा वारा पडला आणि समोरून, गावाकडून, सुटला. तो असा काही आला की धुरक्याचा पडदा बाजूला सारत गेला. आधी कळमनुरीकडची झाडं वर आली. मग हमरस्त्याची रेघ. मग...

“भाऊ!” धम्मानंदनं माझा दंड इतका करकचून धरला की वळ उठला. “तिकडं! टॉवरच्या उजवीकडं!”

एक ठिणगी. क्षितिजाला चिकटलेली. चमक, चमक. मग अंधारल्यासारखं. मग पुन्हा चमक.

पुन्हा झालं. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा. पुन्हा. दोन, आणि एक. सदतीस मिनिटं उलटून गेली होती आणि पार्वतीकाकू अजून गच्चीवर उभ्या होत्या!

मी काय केलं ते लिहायला लाज नाही वाटत. मी नाचलो. बावन्न वर्षांचा गिरणीवाला, तोंडात खोबरं. धम्मानंदही नाचला. वानरांनी उरलेल्या तुकड्यांवर झडप घातली आणि झाडावर पळाली. अशानं अकरा नारळ वरच संपले.

धम्मानंदनं फोन काढून फोटो घेतला. फोटोत नुसतं पांढरं आभाळ आलं.

* * *

उतरलो म्हणण्यापेक्षा घसरलो. दोनला रूपाबाईंच्या अंगणात. त्यांनी तांब्याभर ताक पुढं केलं, ते उभ्यानंच प्यालो.

“घावला का डोंगर?” त्यांनी विचारलं.

“घावला!” मी ओरडलोच.

आता पुढं अडतीस किलोमीटर आणि हाताशी दोन तास. आणि ज्या वाऱ्यानं पडदा उघडला तोच वारा आता तोंडावर. नारळ गेले तरी सायकल पुढं सरकेना. धम्मानंद माझ्यापुढं झाला. “माझ्या चाकाला चिकटून या. वारा मी खातो. तुमाला दोन घंटे उभं राहायचं हाय, मला न्हाई.” दर दोन किलोमीटरला मी म्हणायचो, “आता मी पुढं.” दर वेळी तो म्हणायचा, “नाव घ्या भाऊ, ठेका वाढवा.” कीर्तनाच्या शेवटी टाळांची लय कशी चढत जाते, बघता बघता पाय आवरत नाहीत, तशी चढवली. मांड्या पेटल्या होत्या. कळमनुरी. हमरस्ता. वारंगा फाट्यावर तोच हॉटेलवाला, “नारळ खपले का मामा?” “समदे!”

फाट्यावरच घड्याळात चार झाले.

देवळाजवळ आलो तेव्हा चार वाजून सोळा मिनिटं. मांडव गच्च. आणि मधोमध तात्या. काठी खांबाला टेकवलेली, पाय थरथरत होते, पण वीणा छातीशी ताठ आणि आवाज चालू. राम कृष्ण हरी. दोघं-तिघं आळीपाळीनं पुढं जाऊन हात पसरत होते, तात्या मान हलवून त्यांना परत पाठवत होते. पार्वतीकाकू कडेला. दोन्ही दंड हळदीनं माखलेले. चाळीस मिनिटं परात हलवून खांदे भरले होते. गावाची पंगत तासभर उशिरा बसली आणि एकानंही तक्रार केली नव्हती म्हणे.

तशा घामेजल्या अंगानं वीणेला हात लावता येत नाही. धम्मानंदनं हौदाची बादली सरळ माझ्या डोक्यावर ओतली. ओल्या धोतरानं मी तात्यांसमोर उभा राहिलो. त्यांना बोलता येत नव्हतं. तोंडात नाव होतं आणि डोळ्यांत सवाल. नावाच्याच चालीत त्यांनी भुवया उंचावल्या. राम कृष्ण हरी?

गावकरी पुढं सरकले. जे साठ वर्षं हसले तेच.

‘दिसली’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. ‘दिसली’ तर कोणीही म्हणेल. म्हाताऱ्याचं मन राखायला मीही म्हणालो असतो, आणि ते तात्यांनाही ठाऊक होतं. मी शेजारच्याच्या हातातले टाळ घेतले. वाजवले. दोनदा लागोपाठ. थांबलो. मग एकदा.

पुन्हा. दोन, आणि एक.

पार्वतीकाकूंनी तोंडाला पदर लावला. ती हलवायची रीत आम्हाला कोणी सांगितली नव्हती. तात्यांनी मुद्दामच सांगितली नव्हती.

तात्यांचं ‘राम’ झालं, ‘कृष्ण’ अर्धं झालं, आणि गळा बंद झाला. डोळे वाहायला लागले. नाव तुटायला आलं. सप्ताह बसल्यापासून न तुटलेलं नाव! मी वीणेची वाट न बघता ते तिथूनच उचललं, “कृष्ण हरी!” आणि सगळ्या मांडवानं एकदम उचललं, बायांनी, पोरांनी, त्या थट्टा करणाऱ्या म्हाताऱ्यांनीही. त्या आवाजात मी तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांनी मला उराशी धरलं आणि वीणा त्यांच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आली. दोघांनी धरून त्यांना खाली बसवलं. काकू त्यांचे गुडघे दाबायला लागल्या आणि तात्या त्यांना म्हणाले, ते मला चालू नामातही ऐकू आलं, “बघ, दिसायची म्हणत होतो न्हाई का?”

“व्हय हो,” काकू म्हणाल्या, “अन् माझे खांदे कोण दाबंल?”

पुढचा पहारा मी उभ्यानं कसा काढला, देव जाणे. पोटऱ्यांत गोळे येत होते आणि मी हसत होतो. समोर धम्मानंद प्रसादाचं ताट घेऊन बसला होता. रुमाल काढायला त्यानं खिशात हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. हळूच त्यानं हात बाहेर काढला. तळहातावर खोबऱ्याचा तुकडा. वरच्या नाचण्याच्या गडबडीत कधी खिशात गेला कोण जाणे.

काकूंनी तो पाहिला. “अगं बाई! हा खाली आणला?”

“मी... चुकून, काकू.”

“चुकून असो का कसा असो. वरचं वरच संपायला पायजे.”

धम्मानंदनं माझ्याकडं बघितलं. मला बोलता येत नव्हतं. मी नाव घेत घेतच मान डोलावली. रविवारी पुन्हा खडकाई.

तात्यांनी बसल्या जागेवरून काठी उचलून आपटली. “जा. अन् कोठीला कुलूप लावू नका. या खेपेला परात मी धरतो.”